केंद्रीय करार आणि कामातली लवचिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगार आणि कामाचे तास जिथे देशपातळीवर किंवा उद्योगपातळीवर ठरतात, त्या देशांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "तिथे सगळं ताठर असतं." खालची उत्तरं या वाक्याशी थोडी भांडणारी आहेत. उदाहरणं मुख्यतः ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि उत्तर युरोपातली आहेत, कारण हे प्रयोग तिथे दीर्घकाळ आणि उघडपणे झाले.

केंद्रीकृत औद्योगिक संबंध म्हणजे नेमकं काय?

पगार, कामाचे तास, जादा कामाचा दर, रजा या गोष्टी एकेका कंपनीत न ठरता वरच्या पातळीवर ठरतात, ती व्यवस्था. 'वर' म्हणजे कुठे, हे देशागणिक बदलतं. ऑस्ट्रेलियात हे काम लवादाकडे होतं. १९०४ च्या कायद्याने समेट आणि लवादाचं राष्ट्रीय न्यायालय उभं राहिलं आणि त्याचे निवाडे एकेका धंद्यातल्या अनेक मालकांना एकदम बांधून ठेवू लागले. स्वीडनमध्ये सरकार मुद्दाम बाजूला राहिलं. १९३८ मध्ये साल्टशोबादेन इथे मालकांचा महासंघ आणि कामगारांचा महासंघ यांनीच बसून भांडायचे नियम घालून घेतले. जर्मनीत करार उद्योगवार आणि प्रदेशवार होतात आणि त्यांना १९४९ च्या कायद्याचं पाठबळ आहे.

एकाच नावाखाली या तीन वेगळ्या गोष्टी येतात. निम्मे वाद हा फरक न पाहिल्यामुळे होतात.

आणि लवचिकता म्हणजे?

ब्रिटनमधले अभ्यासक जॉन अॅटकिन्सन यांनी १९८४ मध्ये केलेली विभागणी अजून वापरात आहे. गरजेप्रमाणे माणसं किंवा तास कमीजास्त करणं ही संख्येची लवचिकता. एकाच माणसाने दोन-तीन प्रकारची कामं करणं ही कौशल्याची. कामगिरीप्रमाणे किंवा धंद्याच्या स्थितीप्रमाणे पगार हलवणं ही पैशाची.

यादी उपयोगाची आहे, पण ती व्यवस्थापनाच्या खुर्चीतून लिहिलेली आहे. संध्याकाळी पाचला फोन करून "उद्या पहाटे सहाला या" म्हणणं हीही लवचिकता आणि "मुलीला शाळेत सोडून साडेनऊला येते" हीही लवचिकता. शब्द एकच, सोय मात्र वेगवेगळ्या माणसांची. या विषयावरचं काहीही वाचताना 'कोणाची सोय?' हा प्रश्न हाताशी ठेवला की बरंच धुकं निवळतं.

सगळं वरून ठरलं तर कामाच्या ठिकाणी ठरवायला उरतं काय?

पुष्कळ. वरचा करार बहुधा 'किती' हे सांगतो. 'केव्हा', 'कोणी' आणि 'कसं' हे खालीच ठरतं.

एक हिशेब जवळून पाहू. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात अनेक धंद्यांत आठवडा ४० तासांवरून ३८ वर आला. म्हणजे पाच दिवसांत दोन तास कमी, दिवसाला २४ मिनिटं. आता रोज २४ मिनिटं लवकर सुटून कामगाराच्या पदरात फारसं काही पडत नाही. आणि पाळी २४ मिनिटं आधी थांबली तर मालकाची मशीनं तेवढा वेळ उगाच थंड पडतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी असं ठरलं: काम रोज पूर्ण आठ तास करायचं आणि ती २४ मिनिटं कामगाराच्या नावावर जमा करायची. १९ दिवसांत ४५६ मिनिटं जमतात, म्हणजे ७ तास ३६ मिनिटं. ३८ तासांच्या आठवड्यातला एक दिवस बरोबर तेवढाच असतो. मग चार आठवड्यांतला विसावा (२० वा) कामाचा दिवस भरपगारी सुट्टी.

३८ हा आकडा वरून आला. विसावा दिवस कोणता, हे मात्र खाली ठरलं. बांधकामाच्या साइटवर सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतलेली परवडते, कारण गवंडी नसेल तर मागचा प्लंबर तसाही बसून राहतो. सतत चालणाऱ्या कारखान्यात हीच सुट्टी आळीपाळीने द्यावी लागते. काही ठिकाणी ते दिवस साठवून मंदीच्या हंगामात एकदम घेण्याची मुभाही मिळाली. वरचा आकडा न हलता हे सगळं झालं.

तरीही ताठरपणाची तक्रार होते, ती खोटी का?

नाही. एके काळी ती अगदी खरी होती, आणि युनियनवाल्यांनीही ती मान्य केली.

ऑस्ट्रेलियाच्या धातू उद्योगाच्या निवाड्यात कामगारांचे तीनशेहून अधिक वर्ग होते. प्रत्येक वर्गाचा दर वेगळा, काम वेगळं आणि बऱ्याचदा युनियनही वेगळी. मशीनची मोटर जळाली की फिटर येऊन जाळी उघडणार, पण वायरला हात लावणार नाही. ते इलेक्ट्रिशियनचं काम. तो दुसऱ्या शेडमध्ये असेल तर वाट पाहायची. त्याने वायर सोडवली की मोटर उतरवायला पुन्हा फिटर. यातला काही भाग सुरक्षिततेचा होता आणि तो हवाच. उरलेला आपापली हद्द राखण्याचा होता.

१९८७ मध्ये तिथल्या आयोगाने (जुन्या लवाद न्यायालयाचं काम पुढे चालवणारी संस्था) पगारवाढ दोन टप्प्यांत विभागली. पहिला टप्पा सगळ्यांना सरसकट. दुसरा, ४ टक्क्यांपर्यंतचा, कामाच्या पद्धती सुधारायचं ठरवणाऱ्यांनाच. १९८८ मध्ये पुढचं तत्त्व आलं, त्याचा रोख निवाड्यांची रचनाच सुधारण्यावर होता. धातू उद्योगातले ते तीनशेहून अधिक वर्ग शेवटी १४ पातळ्यांवर आले, आणि प्रशिक्षण घेतलं की वरच्या पातळीवर जाता येईल अशी शिडी तयार झाली. हे अत्यंत केंद्रीकृत व्यवस्थेने, वरून हुकूम काढून घडवलं. कंपनीकंपनीत वेगळी बोलणी करून हे इतक्या लवकर झालं असतं, असं मला वाटत नाही.

मग ऑस्ट्रेलियाने ती व्यवस्था सोडली का?

अर्धवट सोडली, आणि ती गोष्ट मोठी मजेशीर आहे.

सुरुवात १९०७ पासून करू. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या हार्वेस्टर कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगाराला दिवसाला ७ शिलिंग हा 'न्याय्य आणि वाजवी' पगार ठरवला. मालकाला किती परवडतं यापेक्षा पाच माणसांच्या कुटुंबाचं घर कशात चालतं, हा निकष त्यांनी धरला. हा विचार पुढे अनेक दशकं टिकला.

१९८३ मध्ये हॉक सरकार आणि कामगार महासंघ यांच्यात पगार आणि किमतींबद्दल समझोता झाला. दशक संपता संपता दोघांनाही कंपनीपातळीवरच्या सौद्यांची निकड वाटू लागली. एप्रिल १९९१ मध्ये आयोगाने मात्र नकार दिला; दोन्ही पक्षांना अजून तेवढी समज आलेली नाही, असा त्यांचा सूर होता. सरकार आणि युनियन दोघंही भडकले. ऑक्टोबरमध्ये आयोगाने तेच तत्त्व मान्य केलं. केंद्राने आपला अधिकार स्वतःच्या सहीने खाली दिला, असं फार थोड्या ठिकाणी झालं असेल.

१९९३ आणि १९९६ च्या कायद्यांनी दार आणखी उघडलं. १९९६ नंतर कामगार आणि मालक यांच्यात थेट वैयक्तिक करार करता येऊ लागले. २००५ च्या 'वर्क चॉइसेस' कायद्याने त्याच्याही पुढे जाऊन अशा करारांचं, 'कामगाराचं एकूण नुकसान होत नाही ना' हे तपासणारं गाळणं काढून टाकलं. जादा दर, भत्ते करारात स्पष्ट लिहून रद्द करता येऊ लागले. लोक इतके बिथरले, की सरकारने मे २००७ मध्ये घाईने नवी चाचणी आणली. तरी नोव्हेंबरच्या निवडणुकीत सरकार गेलं आणि पंतप्रधान हॉवर्ड यांची स्वतःची जागाही गेली. २००९ च्या 'फेअर वर्क' कायद्याने पुन्हा तळाला जाड फरशी घातली: राष्ट्रीय किमान सेवाशर्ती, त्यावर उद्योगवार आधुनिक निवाडे, त्यावर कंपनीचा करार. आज तिथे असा तीन मजली वाडा आहे.

कंपनीत वेगळा करार करून कमी पगार देता येतो का?

ऑस्ट्रेलियात कंपनीचा करार मंजूर होताना कामगार एकूणात निवाड्यापेक्षा सरस स्थितीत असला पाहिजे. एखादं कलम खाली जाऊ शकतं, गोळाबेरीज खाली जाता कामा नये. जर्मनीतला मूळ नियम तर सरळच आहे: उद्योगाच्या करारापासून दूर जायचं तर कामगाराच्या हिताच्या दिशेनेच. उलट दिशेने जायचं असेल तर त्या करारातच तशी खिडकी ठेवलेली हवी.

ही 'खिडकी' म्हणजे काय? जर्मनीत ती कशी उघडली?

जर्मन लोक तिला 'उघडणारं कलम' म्हणतात: उद्योगाचा करारच सांगतो, की अमुक परिस्थितीत, अमुक मर्यादेत, कंपनीत वेगळं ठरवायला हरकत नाही.

याची मुळं १९८४ च्या संपात आहेत. धातू कामगारांची युनियन, ईगे मेटाल, ३५ तासांच्या आठवड्यासाठी सुमारे सात आठवडे लढली. तडजोड ३८.५ तासांवर झाली. त्या बदल्यात मालकांनी एक गोष्ट मिळवली: ३८.५ ही सरासरी असेल, एकेका कामगाराचा आठवडा ३७ ते ४० च्या दरम्यान ठेवता येईल आणि त्याची वाटणी कंपनीतल्या कामगारांनी निवडलेलं मंडळ आणि व्यवस्थापन मिळून करतील. तास कमी झाले तो युनियनचा विजय, तास हलते झाले तो मालकांचा. त्या वेळी बातम्यांचं लक्ष पहिल्याकडे होतं; दूरगामी ठरलं ते दुसरं.

१९९३ मध्ये फोक्सवॅगनमध्ये सुमारे ३०,००० नोकऱ्यांवर गदा येणार होती. तिथे आठवडा २८.८ तासांचा करून, पगारात कपात स्वीकारून ती टाळली गेली. २००४ मध्ये फोर्त्सहाइम इथे धातू उद्योगाने सर्वसाधारण नियमच केला: नोकऱ्या टिकवण्यासाठी आणि गुंतवणुकीसाठी करारापासून तात्पुरतं दूर जाता येईल, पण युनियनची सही लागेल. ही उदार बुद्धी एकाएकी सुचलेली नव्हती. चान्सलर श्रोडर यांनी आधीच बजावलं होतं, की तुम्ही खिडकी उघडली नाहीत तर कायद्याने उघडू.

सवलत दिली म्हणजे नोकरी वाचतेच असं नाही, हेही त्याच वर्षी सुरू झालेल्या एका प्रकरणातून दिसतं. कांप-लिंटफोर्टच्या सीमेन्स मोबाइल कारखान्यात ३५ चे ४० तास झाले, जादा पगार न देता, दोन वर्षांच्या हमीवर. २००५ मध्ये मोबाइलचा धंदा तैवानच्या बेनक्यू कंपनीकडे गेला, २००६ मध्ये त्या जर्मन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि कारखाना बंद पडला.

२०१८ मध्ये मात्र खिडकीतून वारा उलट दिशेने आला. धातू कामगारांना सहा महिने ते दोन वर्षांसाठी आठवडा २८ तासांपर्यंत खाली आणण्याचा आणि नंतर पूर्ण वेळेवर परतण्याचा हक्क मिळाला. मोबदल्यात मालकांना ४० तासांवर जास्त माणसं घ्यायची मुभा मिळाली. दोन्हीकडची सोय, एकाच कागदावर.

स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये कायद्याने किमान वेतनच नाही, हे खरं का?

खरं. तिथे ते काम सामूहिक करार करतात. स्वीडनमध्ये दहापैकी सुमारे नऊ कामगार कराराच्या छत्राखाली येतात, डेन्मार्कमध्ये सुमारे आठ.

स्वीडनची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९५६ पासून तिथे पगार देशपातळीवर एकत्र ठरत. १९८३ मध्ये अभियांत्रिकी उद्योगातले मालक आणि धातू कामगार युनियन त्यातून बाहेर पडून स्वतंत्र बोलले आणि ती इमारत हलली. पुढे काही गटांनी तर 'आकड्याविना करार' केले: पगारवाढीचा टक्का त्यात लिहिलेलाच नसतो, फक्त वाढ कशी, कोणत्या संवादातून ठरवायची याची पद्धत असते. तरीही गोंधळ झाला नाही, कारण १९९७ पासून निर्यात करणारे उद्योग आधी करार करतात आणि तो आकडा बाकीच्यांसाठी मापदंड ठरतो. हुकूम नाही, पण रांगेतला पहिला माणूस ठरलेला.

डेन्मार्कमध्ये मालकाला कामावरून कमी करणं तुलनेने सोपं आहे. बदल्यात बेकारी भत्ता आणि पुनर्प्रशिक्षण भक्कम. या जोडीचं कौतुक सगळीकडे होतं. तिच्यातला फक्त पहिला अर्धा उचलून नेणारे देशही कमी नाहीत.

नेदरलँड्सचं नाव अर्धवेळ कामाच्या संदर्भात का येतं?

१९८२ च्या वासेनार समझोत्यात युनियनने पगारवाढीवर लगाम मान्य केला आणि मालकांनी कामाचे तास कमी करून वाटून देण्यावर बोलायचं मान्य केलं. त्यातून पुढे अर्धवेळ काम ही दुय्यम नोकरी न राहता नेहमीची गोष्ट झाली. २००० च्या कायद्याने तास वाढवून किंवा कमी करून मागण्याचा हक्क दिला. २०१६ मध्ये कामाची वेळ आणि जागाही त्यात आली.

केंद्रीय व्यवस्था फक्त कामगाराच्याच बाजूने झुकते का?

नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोगाने किरकोळ विक्रीच्या दुकानांतल्या कायम कामगारांचा रविवारचा दर दुप्पटीवरून टप्प्याटप्प्याने दीडपटीवर आणायचं ठरवलं. फिनलंडमध्ये २०१६ च्या स्पर्धात्मकता समझोत्याने वर्षाचे कामाचे तास २४ ने वाढले, पगार तोच. केंद्राचा हात दोन्हीकडे वळतो.

मला माझी वेळ बदलून हवी आहे. वरच्या करारात ते कुठे बसतं?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला रस्ता विनंतीचा. लहान मूल, घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा, अपंगत्व, गरोदरपण, वय ५५ किंवा जास्त, कौटुंबिक हिंसा, यांपैकी कारण असेल आणि नोकरीला १२ महिने झाले असतील, तर लेखी विनंती करता येते. मालकाने २१ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. नकार द्यायचा तर धंद्याचं वाजवी कारण हवं. जून २०२३ पर्यंत हा हक्क जरा दात नसलेला होता. आता वाद आयोगाकडे नेता येतो आणि आयोग निर्णय देऊ शकतो.

दुसरा रस्ता वैयक्तिक लवचिकतेच्या कराराचा. समजा एखादीला सातऐवजी पहाटे सहाला काम सुरू करून दुपारी लवकर निघायचं आहे, पण निवाड्याप्रमाणे सातच्या आधीचा तास जादा दराचा. तो जादा दर सोडून ती वेळ घेऊ शकते, मात्र करार लेखी हवा, दोघांच्या सह्या हव्यात आणि तिची स्थिती एकूणात आधीपेक्षा सरस हवी. नोकरीवर घेतानाच "यावर सही केलीस तरच नोकरी" असं म्हणता येत नाही. नको झाला तर निवाड्याखालचा करार कोणीही १३ आठवड्यांची नोटीस देऊन मोडू शकतो.

इथे खरा पेच आहे. 'सरस' कसं मोजायचं? मुलाला वेळेवर घ्यायला मिळणं आणि हुकलेले पैसे एका तराजूत कसे घालायचे? कायदा मोजायला सांगतो, माप देत नाही.

विकेंद्रीकरण म्हणजे जास्त स्वातंत्र्य, असं नाही का?

न्यूझीलंडने हे करून पाहिलं. १८९४ मध्ये लवादाचा कायदा करणारा हा देश. १९९१ च्या कायद्याने त्याने निवाडे मोडीत काढून सगळं कंपनी आणि व्यक्तीच्या करारावर सोडलं. युनियनची सभासदसंख्या कोसळली. २००० मध्ये नवा कायदा करून सामूहिक सौद्याला पुन्हा जागा दिली गेली. ज्याच्याकडे दुर्मीळ कौशल्य असतं त्याला खुली बोलणी आवडतात. ज्याच्या जागी उद्या दुसरा सहज मिळतो त्याच्यासाठी 'बोलणी' हा शब्दच फार मोठा आहे.

अर्थशास्त्र काय सांगतं?

१९८८ मध्ये लार्स काल्मफोर्स आणि जॉन ड्रिफिल यांनी मांडलं, की पगार पूर्ण वर ठरला किंवा पूर्ण खाली ठरला तर रोजगाराच्या दृष्टीने बरं, मधली उद्योगपातळी सर्वांत वाईट. कारण देशभराच्या महासंघाला महागाईची झळ स्वतःलाच बसते, एकट्या कंपनीच्या युनियनला कंपनी बुडायची भीती असते, मधल्याला दोन्ही नसतं. बेकारीची आकृती उंटाच्या पाठीसारखी, मध्ये उंच, म्हणून लक्षात राहते. पुढे यावर आक्षेप आला, की पातळीपेक्षा मेळ महत्त्वाचा: जर्मनीत करार उद्योगवार होतात, पण एकमेकांकडे बघून होतात. मला हा आक्षेप पटतो.

केंद्रीकरणात नुकसान कोणाचं झालं?

स्त्रियांचं, आणि फार काळ. १९०७ चा तो पगार नवरा, बायको आणि तीन मुलं गृहीत धरून ठरला. कमावणारी बाई त्या चित्रात नव्हती. ऑस्ट्रेलियात समान वेतनाचे निर्णय व्हायला १९६९ आणि १९७२ उजाडलं. पण तेही केंद्रीय आयोगानेच दिले आणि एका निर्णयाने हजारो कामांच्या जागी लागू झाले. छोट्या मालकांचीही फरफट होते. मोठ्या कंपनीकडे करार वाचायला विभाग असतो, छोट्याकडे तोच मालक रात्री हिशेब मिटवल्यावर वाचतो.

एखादा करार हातात आला तर लवचिकतेबद्दल आधी काय वाचावं?

प्रस्तावना सोडा, तिथे सगळे गोड बोलतात. पाळीपत्रक बदलायचं कलम शोधा. किती दिवस आधी सांगायचं, बदल कोणाच्या संमतीने, आणि ऐनवेळी बदलल्यास जादा दर आहे की नाही, या तीन गोष्टी तिथे असतात. मग तासांच्या खात्याचं कलम: जमा तास केव्हा घ्यायचे हे कोण ठरवतं, आणि नोकरी सुटली तर त्यांचे पैसे मिळतात का. 'परस्पर संमतीने' हे शब्द दिसले तर पुढची ओळ नीट वाचा, संमती झाली नाही तर काय करायचं ते तिथे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर विचारून लिहून घ्या, सही करायच्या आधी.